जुना तांदूळ, नवी वाइन

भोरच्या बाजारात तांदळाच्या पोत्यात हात घालणारं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी विचारतं, ‘नवा की जुना?’ या दोन शब्दांत बराच हिशेब दडलेला असतो. कार्तिक-मार्गशीर्षात झोडपलेल्या भाताचा तांदूळ लगेच शिजवला तर पाणी कमी लागतं, पेज घट्ट येते आणि भात गोळा होऊन पातेल्याला बिलगतो. तोच तांदूळ वर्षभर राहिला की पाणी जास्त पितो, शीत न् शीत मोकळं होतं, आणि मूठभर तांदळाचा भात ताटभर दिसतो. म्हणून कोलमसारख्या तांदळाला व्यापारी जुनेपणाचे चार पैसे जास्त लावतो आणि गिऱ्हाईक ते देतं. पण हेच गिऱ्हाईक गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकांसाठी आंबेमोहोर घ्यायला आलं, की जुना तांदूळ नाकाशी नेऊन परत ठेवतं. आंबेमोहोराचं सगळं मोल त्याच्या वासात, आणि वास साठवणुकीत उडतो. इंद्रायणीचंही तसंच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा वाण आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातला. मऊ, किंचित चिकट, सुवासिक भातासाठीच तो लावला जातो, आणि त्याला मोकळा करण्यासाठी वर्षभर थांबणाऱ्याला मावळातला माणूस वेडा म्हणेल. थोडक्यात, भोर-वेल्ह्याच्या स्वयंपाकघरात ‘जुनं चांगलं’ असा सरसकट नियम नाही. कुठला तांदूळ, कशासाठी, आणि तो ठेवला कुठे होता, एवढं कळल्याशिवाय जुनेपणाची किंमत कोणी करत नाही.

वाइनच्या बाबतीत मात्र हीच माणसं हा विवेक दाराबाहेर ठेवून येतात. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, ही समजूत वाइन कधी न चाखलेल्या माणसालाही पाठ असते. लग्नात भेट आलेली बाटली कपाटात साड्यांच्या मागे ठेवली जाते, ‘मुरू दे’ म्हणून. दहा वर्षांनी ती उघडली की निघतो एक तपकिरी, आंबूस, सुकलेल्या सफरचंदाच्या वासाचा द्रव, आणि घरातली मंडळी एकमेकांकडे बघत ‘जुनी आहे, अशीच लागत असणार’ म्हणून तो पिऊन टाकतात. मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. कोशिंबीर मुरत नाही, ती शिळी होते. महाराष्ट्रात आज मिळणारी बहुतेक वाइन कोशिंबिरीच्या बाजूची आहे. जी थोडी लोणच्याच्या बाजूची आहे, तिला मुरण्यासाठी जे हवं ते आपल्या घरात नसतं. म्हणून भोर, वेल्हे किंवा एकूणच या पट्ट्यात राहणाऱ्याने वाइन ताजी घ्यावी आणि लवकर संपवावी, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे पाहायचं तर आधी मुरताना आत काय घडतं ते पाहावं लागेल.

तांदळाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. दाण्यातली प्रथिनं साठवणुकीच्या काळात आपसांत गंधकाचे बंध बांधतात आणि पिष्टाच्या कणांभोवतीचं जाळं घट्ट होतं. शिजवताना ते कण फुटून चिकटपणा बाहेर सांडत नाही, म्हणून शीत मोकळं राहतं. त्याच काळात सुवासिक तांदळातलं मुख्य गंधद्रव्य, दोन-ॲसिटिल-एक-पायरोलीन, हळूहळू उडून जातं. म्हणजे एकाच पोत्यात एकाच वेळी पोत सुधारतो आणि वास जातो. फायदा की तोटा, हे त्या तांदळाकडून आपल्याला काय हवं होतं त्यावर ठरतं.

वाइनच्या बाटलीतही दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी चालू असतात. त्यातली पहिली टॅनिनची. टॅनिन म्हणजे काय, हे वेल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. या डोंगरांतला हिरडा कातडी कमावण्याच्या धंद्यात गेला तो याच द्रव्यासाठी. वाळलेला बाळहिरडा दाढेखाली धरा. पहिले काही क्षण काहीच होत नाही, मग जीभ आखडते, गालांच्या आतली बाजू खरखरीत लागते, आणि तोंडातली लाळ कोणीतरी टिपकागदाने टिपून घेतल्यासारखी होते. ही चव कमी आणि स्पर्श जास्त. टॅनिनचे रेणू लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, वंगण निघून जातं, तोंड कोरडं पडतं. काळ्या द्राक्षांच्या साली आणि बिया रसाबरोबर आंबवल्या की हेच टॅनिन तांबड्या वाइनमध्ये उतरतं. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि सालीतल्या रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही तळाला गाळ होऊन बसतात, आणि तुरटपणाची धार बोथट होते. जांभळा रंग विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास ओसरून वाळलेलं फळ, चामडं, तंबाखू, ओली माती असे वास वर येतात. यालाच वाइन मुरणं म्हणतात. त्यासाठी मुळात भरपूर टॅनिन हवं, आंबटपणा चांगला हवा, आणि फळही दाट हवं. नाहीतर तुरटपणा जाईपर्यंत बाकीचं सगळंच गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट आंबेमोहोराची. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षांच्या साली बाजूला काढून नुसता रस आंबवतात, त्यामुळे टॅनिन जवळजवळ नसतंच. तिची सगळी मौज वासात. सोव्हिन्यों ब्लांकमधला पेरूचा, कापलेल्या गवताचा वास. शेनां ब्लांकमधला नासपतीचा. कमी तापमानाला आंबवलेल्या नव्या वाइनमधला केळ्याचा किंवा अननसाचा. यातले बरेच वास आंबवण्याच्या काळात यीस्टने तयार केलेल्या एस्टरांचे असतात, आणि एस्टर पाण्यात आणि आम्लात टिकत नाहीत. वर्ष-दीड वर्षात ते मोडतात. त्यामागे असं काहीच नसतं की जे वेळेनुसार सुधारेल. जर्मनीची रीसलिंग किंवा बरगंडीची शार्दोने यांसारख्या जास्त आंबट, जास्त दाट पांढऱ्या वाइन अपवाद आहेत, आणि ते अपवाद थंड देशांतले आहेत, याचं कारण पुढे येईल. गुलाबी वाइन आणि हलकी गोड तांबडी वाइन यांनाही हाच हिशेब. जगात बाटलीबंद होणाऱ्या वाइनपैकी बहुतेक वाइन बाजारात येते तेव्हाच पिण्याजोगी असते आणि वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपते. दहा-वीस वर्षं राखल्या जाणाऱ्या बाटल्यांची चर्चा फार होते, कारण त्या थोड्या आणि महाग असतात.

आता आपल्या द्राक्षांकडे येऊ. भोर आणि वेल्हे या तालुक्यांत वाइनची द्राक्षं होत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. घाटमाथ्याच्या या बाजूला पाऊस असा कोसळतो की वेलीवर डाऊनी आणि करपा हे रोग ठाण मांडतील. हे भाताचं, नाचणीचं, वरईचं रान. पुणे जिल्ह्यातली द्राक्षं पर्जन्यछायेत, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या आणि दौंड-बारामती-इंदापूरच्या बाजूला. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९९ साली सुला उभी केली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क जाहीर झाले, आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला मोहिते-पाटील कुटुंब, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली काढली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊच. भोरच्या दुकानात दिसणारी देशी वाइन बहुधा या नाशिक-सोलापूर पट्ट्यातूनच ट्रकने आलेली असते.

या सगळ्या बागांचं पंचांग युरोपच्या उलटं आहे. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस थंड होत असताना पिकतात. इकडे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. उन्हाळ्यात खरड छाटणी होते आणि पाऊस सरता सरता फळछाटणी. पीक मात्र एकदाच घेतलं जातं, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. म्हणजे आपली द्राक्षं पिकतात ती ऊन चढत असताना. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनात जाळून टाकते; साखर भराभर वाढते आणि आंबटपणा घसरतो. तो सावरण्यासाठी उष्ण देशांत सगळीकडेच वाइन करताना टार्टारिक आम्ल घालतात, आणि त्यात गैर काही नाही. पण आम्ल हे वाइनचं मीठ आहे. लोणच्याला मीठ कमी पडलं तर काय होतं ते सांगायला नको. थंड प्रदेशातली आंबटढाण वाइन वीस वर्षं का तग धरते आणि आपली का नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर साठवणुकीत आहे, आणि इथे वाद घालणारे बरेच भेटतात. त्यांचं म्हणणं असं: आपल्याकडे वाड्यांना दोन-दोन हात रुंद भिंती आहेत, तळघरं आहेत, सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, राजगड-तोरण्यावर खडकात खोदलेल्या टाक्या आहेत. फ्रान्समधल्या लोकांनी जमिनीखाली बाटल्या मुरवल्या, तर आपल्याला का जमू नये? प्रश्न रास्त आहे. जमिनीखाली काही मीटर खोल गेलं की दिवसरात्रीचा आणि ऋतूंचा फरक पुसला जातो आणि तापमान वर्षभर जवळजवळ एकच राहतं. पण ते कोणतं एक? त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या आसपासचं. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात ती सरासरी दहा-अकरा अंश, म्हणून तिथल्या खडूच्या खाणींतली तळघरं वर्षभर गार असतात. पुण्याच्या बाजूची सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास. म्हणजे भोरच्या एखाद्या जुन्या वाड्यातलं उत्तम तळघरही स्थिर असेल, पण पंचवीस अंशांवर स्थिर. उंचीचा फायदा धरू. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर, पुणे ५६० मीटर. दर हजार मीटरला साडेसहा अंशांची घट धरली तर तोरण्याच्या पोटात एकोणीस-वीस अंश निघतील. वाइन मुरवायला हवेत बारा ते चौदा. शिवाजी महाराजांनी स्वराज्याची सुरुवात ज्या गडावरून केली तिथेही बाटली ठेवून भागणार नाही, हे थोडं मजेचं वाटतं, पण हिशेब तसा आहे. माठाची युक्तीही इथे लंगडी पडते. बाष्पीभवनाने येणारा गारवा हवा कोरडी असली तरच. एप्रिलात माठ गार राहतो, पण आषाढात वेल्ह्यात कपडेच वाळत नाहीत तिथे माठ काय करणार. प्यायच्या आधी तासभर बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवायला ही युक्ती चांगली आहे. वर्षांच्या साठवणुकीला नाही.

बारा अंशांचा फरक एवढा का मोठा? रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. तेरा अंशांच्या तुलनेत पंचवीस अंशांवर वेग सव्वादोन-अडीच पट, आणि चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत पस्तीस अंश असले तर साडेचार पटींच्या पुढे. हे ऐकून एक चलाख आक्षेप येतो: मग बरंच झालं की! दहा वर्षांचं काम चार वर्षांत. तांदळाच्या गिरण्याही वाफ देऊन नव्या तांदळाला जुन्याचा मोकळेपणा आणतातच. पण वाइनमध्ये एकच अभिक्रिया चालत नाही. शेकडो चालतात, आणि उष्णतेने सगळ्यांचा वेग सारखा वाढत नाही. ताजे वास मोडणाऱ्या, रंग करपवणाऱ्या अभिक्रिया पुढे धावतात आणि टॅनिन मऊ करणाऱ्या मागे राहतात. त्यातून निघते ती मुरलेली वाइन नसते, शिजलेली असते. वास येतो उकळलेल्या जॅमचा. शिवाय तापल्यावर द्रव फुगतो, बुचाला बाहेर ढकलतो, गार झाल्यावर आक्रसतो आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढतो. दिवसा तापायचं आणि रात्री निवायचं, असं बाटलीचं हळूहळू श्वास घेणं चालू राहतं, आणि त्या प्रत्येक श्वासागणिक आत थोडा ऑक्सिजन जातो.

उष्णतेने वाइन सुधारल्याचं एक खरं उदाहरण आहे, आणि त्याचा धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो. पोर्तुगीज जहाजं मदेइरा बेटावरून वाइनची पिंपं भरून भारताकडे येत. विषुववृत्त ओलांडून, जहाजाच्या पोटातल्या उकाड्यात महिनोन्महिने हेलकावे खाऊन जी पिंपं परत गेली, त्यांतली वाइन न गेलेल्या वाइनपेक्षा सरस लागली. मग ती तशी मुद्दाम फिरवली जाऊ लागली, आणि पुढे बेटावरच पिंपं-टाक्या पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापवायची पद्धत आली. तर मग भोरचा उन्हाळा वाईट कसा? फरक असा की मदेइरात आंबवणं अर्ध्यावर थांबवून द्राक्षांचं स्पिरिट घालतात, अल्कोहोल अठरा-एकोणीस टक्क्यांवर नेतात, आणि तिचा आंबटपणा मुळातच जबर असतो. ताजा वास राखायचा असा तिचा बेतच नसतो. तिला करपलेली साखर, अक्रोड, संत्र्याची साल हवी असते. ती वाइन तापवून करायची वस्तू आहे, जसा पापड भाजून खायचा असतो. म्हणून भाकरीचं पीठ उन्हात ठेवावं असं कोणी म्हणत नाही.

उलट बाजूचा पुरावा समुद्राच्या तळाशी मिळाला. २०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ, सुमारे पन्नास मीटर खोल बुडालेल्या एका जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. एकोणिसाव्या शतकातल्या, सुमारे १७० वर्षं पाण्याखाली राहिलेल्या. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांचं पृथक्करण केलं. वाइन बऱ्यापैकी टिकली होती, आणि तिच्यात लिटरला सुमारे दीडशे ग्रॅम साखर निघाली, म्हणजे आजच्या शॅम्पेनच्या कितीतरी पट. तिथे पाणी वर्षभर दोन ते चार अंश, अंधार, आणि हालचाल नाही. हिशेब करू पाहणाऱ्याला हे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण वय १७० वर्षं असूनही तिला वाचवलं ते थंडीने आणि अंधाराने. वयाने तिचं काहीच केलं नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप, कारण तो आपल्याच परंपरेतून येतो. आयुर्वेदात द्राक्षासव, द्राक्षारिष्ट आहेत; ती द्राक्षं आंबवूनच होतात; आणि आसव-अरिष्टं जुनी झाली की गुणकारी होतात असं शार्ङ्गधर संहितेत स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा ‘जुनी तितकी चांगली’ ही परदेशी भ्रामक कल्पना म्हणून सोडून देता येणार नाही. पण शार्ङ्गधराचा तो भाग पूर्ण वाचला तर चित्र वेगळं दिसतं. त्याच ठिकाणी तो सांगतो की चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होतं, गोळ्या आणि लेह वर्षभरात, औषधी तुपं आणि तेलंही ठरावीक मुदतीनंतर. म्हणजे जुनेपणा हा सर्वत्र गुण नाही; कोणत्या कल्पाला किती काळ, याची त्याने यादीच दिली. तांदळाच्या दुकानातला ‘नवा की जुना’ हा प्रश्न त्याने औषधाच्या कपाटाला लावला, एवढंच. आणि आसव-अरिष्ट टिकतात कशाने? एक तर त्यांत गूळ-साखर भरपूर. दुसरं, अरिष्ट म्हणजे वनस्पतींचा काढा आंबवलेला, तुरट द्रव्यांनी भरलेला. आणि आंबवायला जी फुलं घालतात ती धायटीची. वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर माघ-फाल्गुनात ज्या झुडपांना पानांआधी लालभडक नळीसारखी फुलं येतात, तीच धायटी. या फुलांवर रानटी यीस्ट असतं आणि फुलांत टॅनिन असतं. म्हणजे शार्ङ्गधराच्या काळचं आसव हे बांध्याने तुरट, गोड, टॅनिनयुक्त, थोडक्यात मुरायला लायक होतं. त्याच्या नियमाखाली फ्रिजमध्ये गार करून प्यायची पांढरी वाइन आणणं म्हणजे चूर्णाला आसवाची मुदत लावण्यासारखं आहे.

एवढं मान्य केलं की खरेदीची पद्धत बदलते. ‘वाइन शॉप’ हा मराठीतला मजेदार शब्द आहे, कारण त्या दुकानात सगळ्यात कमी खपणारी वस्तू वाइनच असते. रम, व्हिस्की आणि बिअर गल्ल्यासमोर. वाइनच्या दहा-बारा बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, छताच्या पत्र्याला लागून, ट्यूबलाइटखाली, उभ्या. गरम हवा वर जमते, म्हणजे दुकानातली सगळ्यात तापलेली जागा हीच. तिथली एखादी बाटली खाली मागून घेतली तर खांद्यावर धुळीचा थर असतो, लेबलची कड उन्हाने पिवळी पडलेली असते, आणि बुचावरचं आवरण बोटाने चाचपलं तर मधोमध किंचित फुगीर लागतं. कधी मानेवरून खाली एक चिकट, वाळलेला ओघळ आलेला असतो. ही बाटली तापून फुगली होती आणि तिने श्वास घेतला होता, याची ती खूण. अशी बाटली कितीही नावाजलेली असो, परत फळीवर ठेवावी. लेबलवर द्राक्षतोडणीचं साल असेल तर ते बघावं, नसेल तर बाटलीबंद केल्याची तारीख. पांढरी आणि गुलाबी असेल तर सर्वांत ताजं साल घ्यावं. फिरकीच्या झाकणाला हलकं समजायचं काही कारण नाही. सुलासारख्या कंपन्यांनी ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं, आणि आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचं आहे, कारण कोरड्या उन्हाळ्यात ते आक्रसत नाही आणि बाटली आडवी ठेवायची गरज राहत नाही. तळाशी कधी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नये. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक गारव्यात खाली बसतात, ते निरुपद्रवी असतात.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. वाइन म्हणजे दारू की नाही, शेतकऱ्याचं भलं होईल की घर बुडेल, यावर दोन्हीकडून खूप बोललं गेलं. त्या वादात न पडताही एक म्हणता येईल: वातानुकूलित दुकानात बाटली कमी खराब होईल, हा मुद्दा त्या कोलाहलात फारसा ऐकू आला नाही. त्यात आश्चर्य नाही. जी वस्तू आपण अजून ‘दारू’च्या एकाच खणात ठेवतो, तिच्या साठवणुकीचा विचार रमसारखाच होणार, आणि रमची बाटली पत्र्याखाली वर्षभर राहिली तरी तिला काही होत नाही.

‘जमा करून ठेवा, किंमत वाढेल’ हा उरलेला मोह. तो महाराष्ट्रात लागू नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य विकता येत नाही, म्हणजे तुमच्या कपाटातल्या बाटलीला कायदेशीर गिऱ्हाईकच नाही. नुसता हिशेब केला तरी हजार रुपयांची बाटली आठ वर्षं ठेवणं म्हणजे सात टक्के व्याजाने सतराशे रुपये अडकवणं. त्यात थंड कपाटाची वीज वेगळी, आणि पावसाळ्यात वेल्ह्याकडे वीज किती वेळ असते याचा विचार त्याहून वेगळा. त्याउलट, भरपूर टॅनिन असलेली एखादी देशी तांबडी वाइन, फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ किंवा तिच्या जातीची ओकच्या पिंपात ठेवलेली शिराझ-काबेर्ने, कोणाला मुरवून बघायचीच असेल तर दोन बाटल्या घ्याव्यात. एक लगेच प्यावी, दुसरी फ्रिजच्या खालच्या, कमी गार कप्प्यात दोन-तीन वर्षं ठेवावी. घरच्या फ्रिजचे सात-आठ अंश मुरण्याला संथ पडतात, पण शिजण्यापासून वाचवतात. करवंद-जांभळाच्या वाइनच्या नादी लागणाऱ्यांनी मात्र हा प्रयोगही करू नये. रंग गडद म्हणून ती टिकाऊ वाटते, पण रंगाला धरून ठेवणारं टॅनिन कमी असलं की जांभळा वर्षाच्या आत तपकिरी होतो.

म्हणजे पंचांग साधारण असं बसतं. जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकला तोडलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन दुकानात येते तोवर वेल्ह्यात भातलावणी सुरू झालेली असते. त्या वेळी ती सगळ्यात ताजी. बाहेर पाऊस, आत पेरूचा वास. वेल्हे तालुक्याचं नाव २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने राजगड झालं तरी पाऊस तोच. नवा इंद्रायणी घरात येतो त्या मार्गशीर्षापर्यंत ती वाइन उत्तम असते, होळीपर्यंत बरी. चैत्रात पत्रे तापायच्या आत बाटली रिकामी झालेली असावी.